होळकरांचा ‘ळ’

शाळेतून आलेला एक साधा छापील कागद एखाद्या घराची झोप उडवू शकतो, हे आम्हांस गेल्या भाद्रपदात कळले. आमची कन्या यंदा सहावीत आहे. एके रात्री जेवणे आटोपल्यावर तिने तो कागद आमच्यापुढे आणून ठेविला. विद्यार्थ्याचे नाव, पालकाचे नाव, मातृभाषा, मूळ गाव असे चार-सहा रकाने त्यावर होते. ‘मूळ गाव’ तेवढे तिने कोरे ठेविले होते.

“बाबा, इथे काय लिहू?”

“काय म्हणजे? इंदूर लिही.”

“पण वर्गातल्या मुली म्हणतात, तुम लोग तो महाराष्ट्र से आए हो. मग आपलं गाव तिकडचंच ना?”

आमचे पणजोबा होळकर सरकारच्या नोकरीत कारकून म्हणून साताऱ्याकडून या गावी आले. त्यानंतरच्या तीन पिढ्या इथेच जन्मल्या आणि त्यांतील गेलेल्यांच्या अस्थी नर्मदेत विसर्जित झाल्या. साताऱ्याकडील ते गाव आम्ही जन्मात एकदाच पाहिले असून तेथे आम्हांस ओळखणारे कोणी नाही. हे सर्व सांगावयास आम्ही तोंड उघडणार, तोच आमची नजर वरच्या रकान्याकडे गेली. आमच्या आडनावात ‘ळ’ आहे. कन्येने तेथे स्वच्छ अक्षरात ‘ल’ लिहिला होता.

“अगं, हे आपलं आडनाव नव्हे.”

“शाळेत असंच आहे,” ती खाली मान घालून म्हणाली. “आणि मला तो ळ नकोच. मी म्हणून दाखवलं की सगळ्या हसतात. इथे तो कोणालाच येत नाही. बाहेरचं अक्षर आहे ते.”

वाचकहो, रागवावयास आम्हांस तोंड नव्हते. कन्येस शाळेत घातले त्या दिवशी तेथील कारकुनाने आडनाव लिहिताना ‘ल’ लिहिला, तो आम्ही पाहिला होता, आणि “ठीक है, चलेगा” असे म्हणून पुढच्या सहीसाठी कागद उलटला होता. इतकेच नव्हे, कचेरीत आणि बँकेत वीस वर्षे आमची स्वतःची हिंदी सहीही ‘ल’चीच आहे. जे अक्षर आम्ही सोयीखातर सोडून दिले, त्याची लाज मुलीस वाटू लागली तर दोष कोणास द्यावयाचा?

कागद आठ दिवसांनी द्यावयाचा होता. “रविवारी सकाळी माझ्याबरोबर चल,” आम्ही म्हणालो. “मूळ गाव म्हणजे काय ते पायी फिरून पाहू, मग रकाना भरू.”

रिक्षा आम्ही कृष्णपुऱ्याच्या पुलाशीच सोडली. पुलाखालून वाहते ती कान्ह नदी. आमच्या लहानपणी तिला सारे ‘खान’ म्हणत. काठावर होळकरांच्या छत्र्या आहेत. थोरल्या यशवंतराव होळकरांच्या पत्नी कृष्णाबाई, १८४४ ते १८८६ या काळात गादीवर असलेले दुसरे तुकोजीराव आणि त्यांचे पुत्र शिवाजीराव यांची ही स्मारके. शिखरे मराठी देवळांच्या धाटणीची, दगडात कोरलेल्या आकृतींनी भरलेली. सकाळच्या तिरप्या उन्हात ते दगड फार शोभिवंत दिसत होते. आम्ही वंशावळ सांगू लागलो. कन्या मात्र फलक वाचीत होती.

“बाबा, इथेही ‘होलकर’च लिहिलंय. तुम्ही तर होळकर म्हणता.”

“हिंदीत तसे लिहितात.”

“मग राजांना चाललं, तर आपल्याला का नको?”

प्रश्न बिनतोड होता. या शहरात महाविद्यालय ‘होलकर’ आहे, क्रिकेटचे मैदान ‘होलकर’ आहे, विमानतळावरील अहिल्याबाईंचे आडनावही ‘होलकर’च आहे. आम्ही तिला घाटावरच्या दगडावर बसविले आणि सांगितले, की नीरा नदीच्या काठी होळ नावाचे लहानसे गाव आहे. तेथील एक मुलगा लहानपणी मेंढरे राखीत असे. पुढे तो बाजीराव पेशव्यांच्या पदरी नामांकित सरदार झाला आणि माळव्याचा धनी झाला. एवढे मोठे राज्य मिळाले, तरी मल्हाररावांनी आपल्या नावातून ते खेडे काढून टाकिले नाही. होळचे म्हणून होळकर. ‘ळ’ काढला की ते गावच नावातून नाहीसे होते.

कन्येने मान डोलाविली; पण ते तिला पटले असे दिसले नाही. “पण होळ तर महाराष्ट्रातच ना?” एवढेच ती पुटपुटली. म्हणजे आमच्या उत्तराने तिचे म्हणणेच पक्के झाले होते! अक्षर खरे असेल, परंतु बाहेरचेच.

तेथून राजवाडा पाच मिनिटांच्या वाटेवर आहे. रविवारच्या त्या वेळी दुकाने बंद होती, त्यामुळे तो चौक मोकळा पाहावयास मिळाला. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. बाई या राजवाड्यातून राज्य करीत असत अशी पुष्कळांची समजूत असते, ती आम्ही कन्येपुरती दूर केली. बाईंची राजधानी नर्मदाकाठी महेश्वरास होती. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरची लढाई होळकर हरले, १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि त्यानंतर राजधानी कायमची इंदुरास आली.

राजवाड्याचे मजले सात. कन्येने बोट धरून मोजले आणि विचारले, की खालचे तीन वेगळे का दिसतात? खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. सज्जे, झरोके, खिळ्यांचे प्रचंड दार, यांत मराठी, मोगल आणि फिरंगी अशा तिन्ही वळणांची सरमिसळ आहे. बांधकामाचा आरंभ १७४७ चा. १८०१ च्या ऑक्टोबरात शिंद्यांच्या सैन्याने, सर्जेराव घाटग्यांच्या हाताखाली, इंदूर लुटले. त्या वेळी हा वाडा जळाला. दुसऱ्या मल्हाररावांच्या कारकिर्दीत कारभारी तात्या जोगांनी तो पुन्हा उभारविला. १९८४ च्या दंगलीत तो पुन्हा पेटला. त्या वेळी आम्ही कन्येच्याच वयाचे होतो. गावात संचारबंदी होती. वडिलांनी आम्हांस गच्चीवर जाण्याची मनाई केली होती. तरी आम्ही जिन्याच्या झडपेतून तो धूर पाहिला. त्या रात्री आजी जेवली नाही, एवढे आठवते. पुढची बाजू तेवढी उरली. मागचा भाग २००६ च्या सुमारास उषाराजे होळकरांच्या पुढाकाराने जुन्याच पद्धतीने पुन्हा बांधून घेण्यात आला.

आतल्या चौकात उभे राहून कन्या म्हणाली, “म्हणजे मागचा हा सगळा खोटा राजवाडा?”

आमचे एक मावसभाऊ नोकरीनिमित्त काही वर्षे जपानात नागोया येथे होते. रविवारी मुलाला घेऊन तेथील किल्ल्याभोवती पायी फिरण्याचा त्यांचा परिपाठ असे. तो किल्ला १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळाला. १९५९ साली त्याचा बुरूज सिमेंट-काँक्रीटमध्ये उभा करण्यात आला, आत उद्वाहकही बसविला. परंतु तेवढ्याने लोकांचे समाधान झाले नाही. किल्ल्यातील वाडा त्यांनी जुनी मापे, नकाशे व छायाचित्रे पाहून लाकडाचा लाकडात पुन्हा बांधला. ते काम २०१८ साली पूर्ण झाले. भावांच्या मुलाने हाच प्रश्न विचारला होता, की हा खरा की खोटा? भावांनी त्याला सांगितले, “लाकूड नवे आहे, पण सुताराचा हात जुना आहे. ते सांधे कसे जोडायचे हे कोणीतरी विसरला नाही, म्हणून हा उभा राहिला.” ते उत्तर आम्ही आमचे म्हणून कन्येस दिले. त्याच भावांच्या नावातील ‘ळ’चे जपानात काय झाले हेही सांगितले. त्या भाषेत ‘ल’ आणि ‘र’ यांतही भेद नाही. तेव्हा ‘ळ’ची काय कथा! वर्षानुवर्षे ते तेथे ‘र’ने ओळखले गेले. यावर कन्या प्रथमच मनापासून हसली.

राजवाड्याजवळच्या गोपाळ मंदिरात दर्शन घेतले. हे मंदिर १८३२ साली कृष्णाबाईंनी बांधविले. ज्यांची छत्री आपण नदीकाठी पाहिली त्याच या, असे सांगताच कन्येस एखादी ओळखीची बाई भेटावी तसा आनंद झाला. तेथून सराफ्यात शिरलो. रात्री येथील सोन्याचांदीची दुकाने मिटली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याचा बाजार भरतो, हे इंदूरकरांस सांगावयास नको. सकाळी मात्र गल्ली सुनी होती. एका कोपऱ्यावर पोहे-जिलबी घेऊन आम्ही पुढे निघालो. सराफा, बजाजखाना, बर्तन बाजार, अशी गल्लीगल्लीची नावे धंद्यांवरून पडलेली. खजुरी बाजारात तेवढा खजूर नाही, पुस्तके आहेत. जपानातही किल्ल्यांच्या पायथ्याशी वसविलेल्या पेठांना लोहार, सुतार, रंगारी यांची नावे असत, असे भाऊ सांगत. राजाला भिंती पुरत नाहीत. भांडी घडविणारा आणि कापड मोजणारा माणूस जवळ लागतो.

या गल्ल्यांतून शंभर वर्षांपूर्वी एक स्कॉटिश गृहस्थ असेच पायी हिंडत असत. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार. १९१७ साली होळकर दरबाराने त्यांना बोलाविले. गावात प्लेगचे भय होते. रुग्ण तपासल्याशिवाय औषध देऊ नये, तसे गल्ल्या पायांखाली घातल्याशिवाय नकाशा आखू नये, असे त्यांचे मत होते. सरसकट घरे पाडून रुंद रस्ते काढण्याच्या ते विरुद्ध होते. त्या दिवाळीत त्यांनी एक मोठी मिरवणूक काढली. मिरवणूक ठरीव वाटेने जाणार नाही, जेथील लोक आपली घरे आणि अंगणे सर्वांत स्वच्छ करतील त्याच रस्त्यांनी जाईल, असे त्यांनी आधी जाहीर केले! सारे गाव झाडू घेऊन कामास लागले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता. आणि सफाई कामगार आपल्या सजविलेल्या गाड्यांसह मानाने चालत होते. गेडिसांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१७ पासून, हेच इंदूर देशातील स्वच्छ शहरांच्या यादीत वर्षानुवर्षे पहिले येऊ लागले.

“मग मिरवणूक कोणाच्या गल्लीतून गेली? मराठी लोकांच्या?” कन्येने विचारले.

“ज्यांनी झाडले त्यांच्या,” आम्ही म्हणालो. आणि म्हणता म्हणता आमच्याच मनात काहीतरी लागले. आपले अंगण आम्ही केव्हा झाडले होते?

पंढरीनाथाच्या दिशेने वळताना एका बंद दुकानाच्या कट्ट्यावर एक म्हातारी मक्याची कणसे मांडून बसली होती. कन्येने दोन घेतली. म्हातारी देपालपूरकडच्या एका खेड्यातली. यंदाच्या पावसाची तक्रार ती कोणापाशी तरी करीतच होती. आम्ही सहज हुंकार दिला, तेव्हा ती आमच्याकडे वळून बोलू लागली. पाऊस थांबत नाही, शेतात पाय रुततो, कारण आपली काळी माटी.

कन्या निखारा लागल्यासारखी चमकली. “बाबा! ती काय म्हणाली?”

“काळी माटी म्हणाली.”

“काळी! काली नव्हे!” आणि म्हातारीकडे वळून तिने विचारले, “अम्मा, होली को आप क्या कहती हो?”

“होळी.”

“और मालवा को?”

“माळवो. और कईं?” म्हातारी म्हणाली, आणि हे पोर असे काय विचारते म्हणून हसू लागली.

आम्ही तेथे क्षणभर स्तब्ध उभे राहिलो. पन्नास वर्षे आम्ही या गावात काढली. लहानपणापासून दूधवाले, भाजीवाल्या, मजूर यांच्याशी रोज बोललो. आणि माळवी बोलीत ‘ळ’ आहे, हे आमच्या कानांनी कधी टिपले नव्हते! कारण उघड आहे. आम्ही त्यांच्याशी हिंदी बोललो, तेही आमच्याशी हिंदी बोलले. दोघांच्याही तोंडात तेच अक्षर होते आणि दोघांनीही ते एकमेकांपासून लपवून ठेविले.

मग एकेक गोष्ट सुचत गेली, आणि चालता चालता आम्ही ती कन्येस सांगत गेलो. सराफ्यात ज्यांच्या पेढ्या आहेत त्या मारवाडी मंडळींच्या घरच्या बोलीत ‘ळ’ आहे. शेजारच्या गुजराती कुटुंबांच्या भाषेत तो आहे, लिपीतही आहे. पंजाबीत त्याचा उच्चार आहे, ओडियात आहे, दक्षिणेच्या भाषांत तर आहेच. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत तो आहे. या राजवाड्याभोवतीच्या अर्ध्याअधिक घरांत ‘ळ’ नांदत होता. बाजारात पाऊल टाकताना प्रत्येकाने तो पागोट्यासारखा खुंटीला टांगला आणि ‘ल’ घालून तो बाहेर पडला. बाजाराच्या भाषेने सर्वांचे व्यवहार सोपे केले, हे तिचे उपकारच आहेत. हिंदीशी आमचे भांडण नाही. तिच्यात आम्ही शिकलो, तिच्यावर पोट भरले. परंतु घरी परतल्यावर खुंटीवरचे पागोटे पुन्हा डोक्याला घालावयाचे असते, हे आम्ही विसरलो. आमची कन्या म्हणते तसे ते बाहेरचे अक्षर नव्हते. ते या काळ्या मातीतलेच होते. आम्हीच ते परके करून ठेविले होते.

पंढरीनाथाच्या मंदिरात विठोबापुढे हात जोडले आणि शेवटी इंद्रेश्वराच्या जुन्या देवळाशी आलो. या देवावरून गावाचे नाव पडले असे मानतात. मराठीत ते इंदूर झाले, हिंदीत इंदौर, इंग्रजीत आणखी तिसरेच. आमच्या लोकांस कधीकधी वाटते की हे गाव होळकरांनीच वसविले, म्हणजे आम्हीच वसविले. तो ताठाही येथे उतरतो. मराठे येण्याच्या आधीच येथे जमीनदार राव नंदलाल मंडलोई होते आणि १७१६ साली त्यांना मिळालेल्या सनदेने येथील व्यापारास बरकत आली. त्यांच्याही आधी नदी होती, हा महादेव होता आणि माळवी बोलणारे शेतकरी होते. आम्ही उशिरा आलो. परंतु उशिरा आलेला पाहुणा तीनशे वर्षे एका घरात राहिला, त्याने पडवी शाकारली, जळलेला वाडा पुन्हा बांधला, अंगण झाडले, तर त्याला पाहुणा म्हणू नये. आणि त्यानेही स्वतःस पाहुणा समजून आपली भाषा गाठोड्यात बांधून ठेवू नये.

देवळाच्या पायरीवर बसून कन्या कणीस खात होती. दोन-अडीच कोसांची रपेट झाली होती. तिचे पाय दुखत होते, आमचे अधिक दुखत होते.

“बाबा, तुम्ही शाळेत तेव्हाच का नाही सांगितलं?” तिने विचारले.

या प्रश्नाला राजवाड्याच्या इतिहासात उत्तर नव्हते. “लाज वाटली,” आम्ही म्हणालो. “दोन मिनिटांचे काम होते, पण मागे रांग होती आणि कोणी हसेल असे वाटले.”

“म्हणजे मला वाटली तशीच.”

“तशीच.”

ती पुढे काही बोलली नाही. कणीस संपवून तिने हात धुतले आणि आमचे बोट धरले. ती आता बोट धरण्याच्या वयाची राहिलेली नाही, म्हणून हे येथे नमूद करीत आहोत.

रात्री तिने तो कागद पुन्हा काढला. मूळ गावाच्या रकान्यात ‘इंदौर’ लिहिले. कागद हिंदी आहे, तेव्हा ते रास्तच. आडनावातील ‘ल’ तिने खोडरबराने पुसला आणि तेथे पेन्सिलीने ‘ळ’ काढला. गाठ जरा मोठी झाली, पण अक्षर सुबक होते. मग कागद आमच्याकडे सरकवून ती म्हणाली, “आता तुमची सही.”

वीस वर्षांची सवय हातातून सहजी जात नाही. पेन हाती धरून आम्ही थोडा वेळ तसेच बसलो. स्वयंपाकघराच्या दारातून सौभाग्यवती पाहत होत्या, कन्या पाहत होती. शेवटी ‘ळ’ लिहिला; जरा थरथरला, परंतु उतरला.

तिसऱ्या दिवशी कागद परत आला. दोन्ही ‘ळ’भोवती लाल शाईची वर्तुळे होती आणि शेजारी ‘वर्तनी सुधारें’ असा शेरा होता. शेरा लिहिणाऱ्या बाईंचा राग आला नाही. दप्तरात जे आम्ही लिहू दिले, तेच त्यांनी ताडून पाहिले. कन्येने कागद वाचला, आमच्याकडे पाहिले आणि पेन्सिलीचा ‘ळ’ शाईने गिरविला. आम्ही खाली दोन ओळींची चिठ्ठी जोडली, की दप्तरातील नोंद चुकीची असून ती चूक आमची आहे, कृपया दुरुस्त करावी. कागद आम्ही तसाच परत पाठविला आहे.